खानदेशात मोटरहोम घेऊन फिरताना नेट टिकवायचं कसं

नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग धरून मोटरहोम निघाली, तर कोंडाईबारीच्या घाटाचा तुकडा वगळता मोबाइलला सहसा रेंज असते. तीच गाडी शहाद्याहून तोरणमाळकडे वळवा, नाहीतर रावेरहून पालच्या जंगलाकडे. हळूहळू फोनवर एकच काडी उरते आणि एखाद्या वळणावर तीही जाते. सिम तेच, राउटर तोच, फक्त जमीन बदललेली असते.

म्हणून राउटरची जाहिरात बघण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात: गाडी रात्री कुठे उभी राहणार आणि तिथे नेटवर नेमकं काय करायचंय. यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेलला अर्धा एमबीपीएससुद्धा पुरतो. एकास एक व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांनी साधारण दीड एमबीपीएस लागतो, बऱ्याच जणांची मीटिंग असेल तर तीनपर्यंत. सिनेमा एचडीत बघायचा तर पाच. इथे बहुतेकांची चूक होते ती अशी, की ते डाउनलोडचा आकडा बघून खूश होतात आणि मीटिंगमध्ये त्यांचा आवाज तुटतो. आवाज आणि चेहरा आपल्याकडून तिकडे जातो तो अपलोडवर. कमकुवत रेंजमध्ये आधी अपलोडच मरतं, कारण टॉवर मोठ्या ताकदीने बोलतो आणि आपला मोडेम (राउटर-फोनमधला टॉवरशी बोलणारा भाग) जेमतेम पाव वॅटने.

रेंज का जाते

तापीचं खोरं सपाट आहे, उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग. मोबाइलच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगराआड सावली पडते. चाळीसगावजवळ पाटणादेवीसारखी जागा डोंगरांच्या कुशीत आहे. तिथे टॉवर नकाशावर जवळ दिसला तरी मध्ये कडा असेल तर त्याचा उपयोग नाही.

पण सगळ्या लहरी सारख्या नसतात. कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरी, म्हणजे ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्‌झच्या, लांब जातात, डोंगराच्या कडेवरून थोड्या वळतात आणि झाडीतून बऱ्यापैकी पार होतात. १८०० ते २५०० च्या लहरी वेग जास्त देतात, पण लवकर दमतात. ३५०० मेगाहर्ट्‌झचं फाइव्ह-जी तर शहराबाहेर पडलं की संपलंच समजा. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागेला खेटून गाडी लावली तर याचा अनुभव येतो. केळीचं पान आणि खोड म्हणजे जवळजवळ पाणीच, आणि पाणी वरच्या फ्रीक्वेन्सी शोषून घेतं. बागेच्या टॉवरकडच्या बाजूला गाडी घेतली तरी आकडा सुधारतो.

कोणत्या कंपनीकडे काय आहे, हे म्हणूनच कामाचं. जिओचं फोर-जी ८५०, १८०० आणि २३०० वर चालतं, फाइव्ह-जी ७०० आणि ३५०० वर. एअरटेलचं फोर-जी मुख्यतः ९००, १८००, २१०० आणि २३०० वर, व्हीआयचं ९००, १८००, २१०० आणि २५०० वर. सर्कलनुसार, म्हणजे मोबाइल सेवेच्या विभागानुसार, यात थोडा फरक असतो. बीएसएनएलने देशी बनावटीचं फोर-जी ७०० आणि २१०० वर उभं केलंय. त्यामुळे राउटर घेताना त्याच्या पुठ्ठ्यावर १, ३, ५, ८, २८, ४० आणि ४१ हे बँड, म्हणजे याच फ्रीक्वेन्सींचे क्रमांक, आहेत का, ते वाचा. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या हॉटस्पॉटमध्ये यातले ३, ८ आणि ४० बरेचदा नसतात. मग शहरात तो चालतो आणि गावात मुका होतो. फाइव्ह-जी राउटर घेत असाल तर आणखी एक पाहा: जिओचं फाइव्ह-जी ‘स्टँडअलोन’ पद्धतीचं, म्हणजे फोर-जीच्या आधाराशिवाय चालणारं आहे. जो राउटर फक्त ‘नॉन-स्टँडअलोन’ जाणतो त्यात ते लागणारच नाही. खानदेशच्या ग्रामीण भागासाठी मात्र चांगला फोर-जी मोडेम पुरेसा आहे, फाइव्ह-जीसाठी दुप्पट पैसे घालू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

दोन कंपन्या, दोन वाटा

एकाच कंपनीची दोन सिम घेऊन भरवसा वाढत नाही, कारण टॉवर पडला की दोन्ही एकदम पडतात. दोन वेगळ्या कंपन्या हव्यात, आणि सातपुड्यात जाणार असाल तर तिसरं बीएसएनएलचं सिम फोनमध्ये असू द्या. कंपन्यांना आता आपापल्या वेबसाइटवर रेंजचे नकाशे द्यावे लागतात. निघण्याआधी मुक्कामाची गावं त्यात एकेक करून बघा. तरंग संचार या सरकारी पोर्टलवर जवळच्या टॉवरची जागा आणि त्यावर कोणत्या कंपन्या आहेत हे दिसतं.

जागेवर पोहोचल्यावर एक खूण फार उपयोगी पडते. फोनवर ‘फक्त इमर्जन्सी कॉल’ असं आलं, तर त्याचा अर्थ आपल्या कंपनीची रेंज नाही, पण दुसऱ्या कुणाची तरी आहे. लगेच दुसरं सिम चालू करून बघा. ‘नो सर्व्हिस’ आलं तर मात्र कुणाचीच नाही, तिथे सिम बदलत बसण्यात अर्थ नाही. याच कारणाने ११२ हा आणीबाणीचा नंबर आपल्या सिमला रेंज नसतानाही लागू शकतो.

दुर्गम गावांसाठी आणखी एक सोय आहे. सरकारी डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या टॉवरवर जानेवारी २०२५ पासून इंट्रा सर्कल रोमिंग सुरू झालं, म्हणजे तो टॉवर चालवणारी कंपनी वेगळी असली तरी जिओ, एअरटेल आणि बीएसएनएलच्या ग्राहकांना त्यावर फोर-जी मिळतं. त्यासाठी नेटवर्क निवड ‘ऑटोमॅटिक’वर आणि डेटा रोमिंग चालू हवं. खानदेशात डेटा रोमिंग चालू ठेवायचं दुसरंही कारण आहे. नवापूर गुजरातला लागून, रावेर आणि शिरपूर मध्य प्रदेशला लागून. सीमेवर फोन पलीकडच्या सर्कलचा टॉवर पकडतो. रोमिंग बंद असेल तर काड्या भरलेल्या दिसतात, कॉलही लागतात, पण नेट येत नाही, आणि माणूस तासभर राउटर बंद-चालू करत बसतो.

दोन सिम एकाच राउटरमध्ये घालायची तर ‘ड्युअल सिम’ या शब्दाने फसू नका. बहुतेक स्वस्त राउटरमध्ये मोडेम एकच असतो. एका वेळी एकच सिम चालतं, पहिलं पडल्यावर दुसरं लागायला अर्धा ते दीड मिनिट जातं. ईमेलला हे चालेल, मीटिंगला नाही. खरोखर दोन वाटा हव्या असतील तर दोन मोडेमचा राउटर घ्या, किंवा स्वस्तातला उपाय म्हणून एका सिमचा राउटर आणि दुसऱ्या कंपनीचा फोन यूएसबी टेदरिंगने (केबलवरून फोनचं नेट देऊन) त्याच राउटरला जोडा. तसा यूएसबी पोर्ट आणि ‘फेलओव्हर’ची, म्हणजे एक वाट पडली की आपोआप दुसरी धरण्याची, सोय राउटरमध्ये आहे का, ते आधी पाहा.

फेलओव्हरची सेटिंग नीट लावणं हे या सगळ्यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. राउटर मूळ सेटिंगमध्ये बरेचदा फक्त रेंज गेली का, एवढंच बघतो. पण खेड्यात रेंज असते आणि नेट नसतं, असंच जास्त वेळा होतं. म्हणून पिंग तपासणी, म्हणजे नेटवरच्या पत्त्याकडून उत्तर येतं का ते बघणं, चालू करा: ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे दोन पत्ते, दर १० ते १५ सेकंदांनी, सलग तीनदा उत्तर आलं नाही की दुसरी वाट. पहिल्या वाटेवर परत येण्यासाठी मात्र १० मिनिटं स्थिर असल्याची अट ठेवा, नाहीतर राउटर सारखा इकडून तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला कॉल तुटतो.

बँकेला आणि आधारला जोडलेलं सिम कधीही राउटरमध्ये घालू नका. ओटीपी राउटरच्या पोटात जाऊन बसतो आणि पेट्रोल पंपावर आपण फोनकडे बघत राहतो.

काड्या सोडा, आकडा बघा

काड्या किती दाखवायच्या हे प्रत्येक फोन आपापल्या मनाने ठरवतो. खरा आकडा अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये सिम स्टेटसखाली मिळतो, आणि राउटरच्या स्टेटस पानावर तर सगळेच मिळतात. दोन आकडे लक्षात ठेवले की काम भागतं.

पहिला आरएसआरपी, म्हणजे सिग्नल किती जोरात ऐकू येतो. तो वजा डीबीएममध्ये असतो. उणे ९० किंवा त्याहून शून्याकडे असेल तर उत्तम, उणे १०० ला काम चालतं, उणे ११० ला कॉल अडखळतो, उणे १२० ला काही होत नाही. दुसरा एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत तो किती स्पष्ट आहे. २० च्या वर झकास, १० च्या आसपास ठीक, शून्याखाली असेल तर काड्या कितीही असोत, वेग मिळणार नाही. जत्रेत कुणी कानाशी ओरडून बोललं तरी शब्द कळत नाहीत, तसंच हे.

गाडी कायमची लावण्याआधी फोन हातात घेऊन जागेभोवती फिरा. प्रत्येक ठिकाणी १० सेकंद विमान मोड, मग बंद, अर्धा मिनिट थांबून आकडा. ट्रायच्या माय स्पीड अ‍ॅपवर अपलोड तीनदा मोजा. वीस-तीस मीटर सरकल्याने झाडाची किंवा भिंतीची आड जाते. कधी कधी तर फूटभर सरकल्यानेही फरक पडतो. त्याचं कारण असं: १८०० मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे १७ सेंटिमीटरची असते. कड्यावर, पत्र्यावर आपटून आलेल्या लहरी सरळ आलेल्या लहरीत मिसळतात, कुठे बेरीज होते, कुठे वजाबाकी. गाडी वजाबाकीच्या जागी उभी राहिली असेल तर थोडं पुढे-मागे घ्यायचं, एवढंच.

छतावरचा अँटेना

ट्रॅव्हलर व्हॅनसारख्या पत्र्याच्या बॉडीत राउटर ठेवला की तो डब्यात ठेवल्यासारखा होतो. खिडकीतून जेवढं येईल तेवढंच, आणि काचेला धातूची सन-कंट्रोल फिल्म असेल तर तेही कमी. इथे बाहेरचा अँटेना खरा फरक पाडतो. राउटरला बाहेरच्या अँटेनासाठी एसएमए सॉकेट असायलाच हवीत, फोर-जीसाठी दोन. एकच केबल जोडून दुसरं सॉकेट रिकामं ठेवलं तर वेग अर्ध्यावर येतो, कारण फोर-जी एकाच वेळी दोन अँटेनांवरून माहिती घेतं.

फिरतीसाठी चहूकडे बघणारा गोल, चपटा अँटेना घ्या, ज्यात एकाच डबीत दोन किंवा चार अँटेना असतात. वेगवेगळे दोन लावायचे तर त्यांच्यात निदान २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. सोलर पॅनेल आणि एसीच्या युनिटपासून फूटभर लांब. लोखंडी छतावर चुंबकाचा अँटेना चिकटतो आणि छताचा पत्राच त्याला आधार देतो. फायबरच्या बॉडीवर तो चिकटत नाही आणि नीट चालतही नाही. तिथे खाली ३० बाय ३० सेंटिमीटरचा पत्रा लावा, किंवा पत्र्याशिवाय चालणारा अँटेना मागा.

केबल हा पैसे वाया जाण्याचा मोठा रस्ता आहे. साधी आरजी-५८ केबल २००० मेगाहर्ट्‌झच्या आसपास मीटरमागे पाऊण डीबीच्या (डीबी म्हणजे सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) जवळपास खाते. दहा मीटर टाकली तर सात डीबी गेले, आणि दर तीन डीबीला ताकद निम्मी होते. म्हणजे महागडा अँटेना छतावर आणि त्याची सगळी कमाई केबलमध्ये. एलएमआर-४०० मीटरमागे सुमारे ०.२ डीबीच खाते, पण ती बोटाएवढी जाड आणि ताठ, गाडीत वळवणं अवघड. सोपा उपाय म्हणजे राउटरच छताजवळच्या कपाटात ठेवायचा आणि केबल दोन-तीन मीटरच्या आत ठेवायची. छताला भोक पाडलं की ग्रोमेट (रबरी कडं), वर सिलिकॉन, आणि आत शिरण्याआधी केबलला खाली झोल, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडेल. उघड्या जोडांना एकमेकांत विरघळणारी रबरी टेप गुंडाळा. पहिल्या पावसात नेट मंद झालं तर आधी हाच जोड उघडून बघा. आत पाणी किंवा हिरवा गंज हमखास सापडतो.

आठ-दहा दिवस एकाच जागी राहणार असाल, विशेषतः तोरणमाळसारख्या हजार मीटरवरच्या ठिकाणी, तर एकाच दिशेला बघणारा लॉग-पिरिऑडिक अँटेना मास्टवर (उंच खांबावर) लावायला हरकत नाही. दोन घ्यायचे, एक ४५ अंश डावीकडे कललेला, दुसरा उजवीकडे. टॉवरच्या अंदाजाने रोखा, मग १५-१५ अंश फिरवत प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबा आणि एसआयएनआर जिथे सगळ्यात चांगला तिथे आवळा. आरएसआरपी किंचित कमी झाला तरी चालेल. मास्ट उभारताना वर बघा. आपल्याकडे शेताशेतातून ११ केव्हीच्या तारा गेल्यात. मास्ट कुठल्याही बाजूला पूर्ण लांबीने आडवा पडला तरी तारेला शिवणार नाही, एवढं अंतर हवंच. वळवाच्या दिवसांत ढग दाटले की मास्ट खाली आणि केबल राउटरमधून काढलेली.

बाजारात आणि ऑनलाइन ‘सिग्नल बूस्टर’ मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. परवानगीशिवाय असा रिपीटर विकणं, बाळगणं आणि वापरणं भारतात बेकायदा आहे. त्याने टॉवरवर गोंगाट वाढतो आणि सगळ्या गावाचे कॉल बिघडतात. राउटरला जोडलेला साधा अँटेना स्वतः काही वाढवून प्रसारित करत नाही, त्यामुळे तो या नियमात येत नाही.

लाइट आणि ऊन

फोर-जी राउटर साधारण ८ वॅट खातो. दिवसाचे १९२ वॅट-तास, म्हणजे १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीचा सातवा हिस्सा. तो इन्व्हर्टरवरून चालवू नका. इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच तेवढी वीज घेतो. थेट १२ व्होल्टवरून द्या, मध्ये २ अँपिअरचा फ्यूज घालून. फक्त एक खबरदारी: गाडीचं १२ व्होल्ट खरं १२ नसतं. स्टार्टर मारताना ते १० च्या खाली जातं, चार्जिंगला साडेचौदापर्यंत चढतं. राउटरवर ‘९ ते ३० व्होल्ट’ असं लिहिलं असेल तर चिंता नाही. नुसतं ‘१२ व्होल्ट’ लिहिलं असेल तर बक-बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी १२ वर स्थिर ठेवणारा) लावा. गाडी सुरू केली की राउटर रिस्टार्ट होतो, या तक्रारीचं कारण नव्वद टक्के हेच.

उन्हाचं म्हणाल तर घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच चालण्यासाठी बनवलेला असतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावला बाहेरच पारा ४५ ला टेकतो, बंद गाडीत छताखालचं कपाट त्याहून कितीतरी तापतं. तापलेला मोडेम आधी वेग कमी करतो, मग बंद पडतो. दुपारी नेट जातं आणि संध्याकाळी आपोआप येतं, तर कंपनीला फोन करण्याआधी राउटरला हात लावून बघा. उपाय म्हणजे ७५ अंशांपर्यंत चालणारा औद्योगिक राउटर, किंवा कपाटाला खाली-वर जाळी आणि १२ व्होल्टचा ८० मिलिमीटरचा पंखा. फोनचा हॉटस्पॉट चार्जिंगला लावून डॅशबोर्डवर उन्हात ठेवणं तर नकोच, बॅटरी फुगते.

रेंज पूर्ण, नेट शून्य

ही तक्रार संध्याकाळी आठ ते अकराच्या दरम्यान जास्त येते. टॉवर एकच, सगळं गाव मोबाइलवर. दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तर दिवसाही हेच होतं. इथे मोठा अँटेना काही करू शकत नाही. करायचं ते हे: राउटरमध्ये बँड हाताने निवडा. ८५० किंवा ९०० वर सगळी गर्दी असते आणि मोडेमही जास्त जोर दिसतो म्हणून तिथेच चिकटतो. आरएसआरपी थोडा कमी असला तरी १८०० किंवा २३०० वर लॉक करून बघा, वेग बरेचदा तिप्पट मिळतो. डोंगरात नेमकं उलट, तिथे खालच्या बँडवर लॉक. निघताना लॉक काढायला विसरू नका. पुढच्या गावात तो बँड नसला तर राउटर मेल्यासारखा पडून राहतो.

गावातली लाइट गेली की टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, मग पडतो. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटलं तर रेंज पूर्ण राहते आणि नेट मात्र सगळ्या गावाचं जातं. शेजारच्या टपरीवर विचारा. तिथेही यूपीआय चालत नसेल तर आपल्या गाडीत दोष नाही, दुसरी कंपनी लावा.

डेटाचा हिशेबही इथेच बघावा. तासभराच्या मीटिंगला साधारण एक जीबी लागतो, तासभर एचडी सिनेमाला तीनपर्यंत. रोज २ जीबीच्या प्लॅनमध्ये दुपारीच कोटा संपतो आणि वेग ६४ केबीपीएसवर येतो, जो नेट बिघडल्यासारखाच दिसतो. लॅपटॉपवर हे कनेक्शन ‘मीटर्ड’ (मोजून वापरायचं) म्हणून नोंदवा, फोनचे फोटो बॅकअप बंद ठेवा. घरासाठी घेतलेलं एअरफायबर (टॉवरवरून घरात मिळणारं बिनतारी नेट) गाडीत आणून लावू नका, ती जोडणी दिलेल्या पत्त्यासाठी असते.

उपग्रहाच्या नेटबद्दल सगळेच विचारतात. स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. परदेशातून डिश आणून इथे चालवणं मात्र बेकायदा आहे, सॅटेलाइट फोनचंही तसंच. अधिकृत जोडणी घेताना ती जागा बदलून वापरायची मुभा आहे का, हे लेखी विचारा. तिला मोकळं आकाश लागतं, त्यामुळे पालच्या सागाखाली ती अडखळेल, आणि मोठी डिश ५० ते ७५ वॅट खाते, म्हणजे बॅटरीचा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

सातपुड्यात चढण्याआधी शहादा, शिरपूर, चोपडा, यावल किंवा रावेर यांपैकी जे शेवटचं मोठं गाव लागेल तिथे अर्धा तास थांबा. त्या भागाचे ऑफलाइन नकाशे उतरवून घ्या, अडकलेल्या फाइली पाठवून द्या, रिचार्जची तारीख बघा आणि खिशात रोख ठेवा. महत्त्वाची मीटिंग असेल तर ती इथेच करून मग घाट चढा.